खुले तळे आणि कोरडी ओंजळ

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौले व पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, विजेचे खांब रस्त्यावर लोळू लागले आणि मोबाईलचे मनोरे मुके झाले. अनेक गावांत वीज परत यावयास कित्येक आठवडे लागले. या वादळानंतर बाराव्या दिवशी, म्हणजे १५ जून २०२० रोजी, राज्याचे नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले. महामारीमुळे वर्ग उघडणे शक्य नव्हते. म्हणून शासनाने घोषणा दिली, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू!’

ज्या गावात दिवा लागत नव्हता, त्या गावात शिक्षण नेमके कोणत्या पडद्यावर सुरू होते, हा प्रश्न तेव्हा मुंबईत फारसा कोणी विचारला नाही. साथीच्या त्या दिवसांत शासनापुढे पर्याय थोडे होते, हे मान्य केले पाहिजे. अनेक शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या पडवीत, झाडाखाली मुले जमवून शिकविले. त्यांचे ऋण विसरता येणार नाही. परंतु आपत्काळात केलेली तात्पुरती सोय आपत्काळ सरल्यावर राज्यकर्त्यांचे तत्त्वज्ञान बनली. शिक्षक नसेल तर चित्रफीत दाखवा, मार्गदर्शक नसेल तर संकेतस्थळ दाखवा, ग्रंथालय नसेल तर पुस्तकावरील क्यूआर कोडकडे बोट करा, अशी ती नवी रीत आहे. या रीतीची किंमत माध्यमिक शाळेतील मुले आज मोजीत आहेत, आणि सर्वांत अधिक मोजीत आहेत ती किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतील, आगरी गावांतील व कातकरी वाड्यांवरील मुले.

खुले तळे

शासनाचा बचाव ठरलेला असतो. ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ २०१७ पासून सर्वांना मोफत खुले आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर सांकेतिक चौकोन छापलेले आहेत. मे २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम ई-विद्या’ जाहीर केली, एका इयत्तेला एक दूरचित्रवाहिनी दिली, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात बारा वाहिन्यांच्या दोनशे करण्याचे आश्वासनही दिले. नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘महाकरिअर’ पोर्टल आहे. मनाचा तोल ढळला तर बोलावयास ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा आहे. मग तक्रार कशाची? दार तर उघडे आहे!

रायगड जिल्ह्याला हा युक्तिवाद नवा नाही. या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, त्या काळी तो येथे एकदा होऊन गेला आहे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरविले. कागद पूर्ण झाला, तळे खुले झाले; आणि तरीही पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा कुठे ठरावाचा आणि पाण्याचा संबंध आला. त्यानंतरही मारहाण झाली, नगरपालिकेने ठराव फिरविला, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निर्णय यावयास १९३७ साल उजाडले.

ही तुलना ताणावयाची नाही. महाडला माणसाचे माणूसपण नाकारले गेले होते. ‘दीक्षा’च्या दारावर कोणी जात विचारत नाही. परंतु महाडने जो धडा शिकविला तो कोणत्याही सार्वजनिक साधनाला लागू पडतो. साधन खुले असल्याचे जाहीर करणे निराळे आणि ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या हाती पोचणे निराळे. या दोहोंमधले अंतर आपोआप भरून निघत नाही. ज्याच्यापाशी वाट, वेळ, पैसा आणि सोबत आहे तो आधी पोचतो, आणि बाकीचे काठावर उभे राहतात.

आकडे हेच सांगतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक आढळला. इंटरनेटची सोय होती ती १४.९ टक्के कुटुंबांत. त्यानंतर स्वस्त फोन आले आणि चित्र वेगाने पालटले, हे खरेच. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. हा आकडा मंत्र्यांच्या भाषणांत हमखास येतो. त्याच पाहणीतला पुढचा आकडा मात्र भाषणात येत नाही. आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी फोन वापरणारी मुले ७६ टक्के होती. काही शैक्षणिक कामासाठी वापरणारी ५७ टक्के. फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांचा फोन स्वतःचा होता. मुलींच्या बाबतीत हेच प्रमाण २६.९ टक्के होते.

म्हणजे यंत्र घरात आले, पण ते शिकण्याच्या कामी कसे लावावयाचे हे दाखविणारे माणूस आले नाही. आणि ‘घरात फोन आहे’ याचा किनाऱ्यावरचा अर्थही समजून घ्यावयास हवा. घरातला एकुलता फोन बापाबरोबर बोटीवर जातो किंवा आईबरोबर बाजारात. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्यातले त्या दिवसाचे इंटरनेट संपत आलेले असते. आणि जे उरते त्यावर पहिला हक्क भावाचा. नववीत शिकणाऱ्या मुलीची पाळी येते तेव्हा रात्र झालेली असते, आणि रेंजसाठी घराबाहेर टेकाडावर जाण्यास तिला मनाई असते. पाहणीच्या तक्त्यात मात्र तिचे घर ‘स्मार्टफोन असलेले कुटुंब’ म्हणून नोंदले जाते.

यंत्रे आली, माणूस गेला

या प्रश्नावर शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जे केले त्याचा इतिहास मात्र बोलका आहे. शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिच्याखाली महाराष्ट्रात तीन टप्प्यांत, आधी ५००, मग २,५०० आणि पुढे ५,००० अशा एकूण आठ हजार शाळांत संगणक कक्ष उभे करण्याचे ठरले. पद्धत होती ‘बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा’ ही. एरवी पूल आणि टोलनाके ज्या पद्धतीने बांधले जातात तीच पद्धत शिक्षणाला लावली गेली. कंपनीने संगणक आणावयाचे, पाच वर्षे कक्ष चालवावयाचा, शासनाकडून हप्ते घ्यावयाचे आणि मुदत संपली की सारे शाळेच्या हवाली करून निघून जावयाचे.

कंपनी निघून गेली. जाताना तिने पाच वर्षे वापरलेले संगणक ठेवले, आणि जे ठेवावयास हवे होते ते नेले. ते म्हणजे संगणक शिक्षक. तुटपुंज्या मानधनावर, कंपनीचा नोकर म्हणून राबलेला हा तरुण मुलांना यंत्रासमोर बसविणारा एकमेव माणूस होता. करार संपताच तो रस्त्यावर आला. हजारो संगणक शिक्षकांनी आझाद मैदानावर धरणी धरली. आश्वासने मिळाली, नेमणुका मिळाल्या नाहीत. मागे राहिलेल्या कक्षांना कुलपे लागली. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत बंद खोलीतले यंत्र किती दिवस टिकते, हे कोकणातील कोणालाही सांगावे लागत नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. यंत्र म्हणजे भांडवली खर्च. माणूस म्हणजे आवर्ती खर्च. भांडवली खर्चाची निविदा निघते, पुरवठादार असतो, उद्घाटन असते, फीत कापताना छायाचित्र असते. आवर्ती खर्चात यातले काहीच नसते. दरमहा पगार असतो, रजा असते, निवृत्तिवेतन असते, आणि हक्क मागणारी संघटना असते. म्हणून शासनाला यंत्र ‘गुंतवणूक’ वाटते आणि शिक्षक ‘दायित्व’ वाटतो. वस्तुतः व्यवहार उलटा आहे. संगणकाला पहिल्या दिवसापासून घसारा लागतो आणि पाच-सहा वर्षांत त्याचे भंगार होते. शिक्षकाचे मोल मात्र अनुभवागणिक वाढते. जे झिजते त्यावर पैसा ओतावयाचा आणि जे वाढते ते कंत्राटावर ठेवून हाकलून द्यावयाचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

२०१८ मध्ये जुन्या योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ आली. तिच्या निकषांत संगणक कक्षासाठी एकदाच द्यावयाचे ६ लाख ४० हजार रुपये आहेत आणि आवर्ती खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजार. पण तेही पाच वर्षांपुरतेच. सहाव्या वर्षी काय? रायगडमधील बहुतेक माध्यमिक शाळा खाजगी संस्थांच्या, अनुदानित आहेत. वेतनेतर अनुदान इतके तोकडे, की खडू, दुरुस्ती आणि वीजबिल यांतच ते सरते. सहाव्या वर्षी संगणक कक्षाचे वीजबिल कोणी भरावयाचे, बिघडलेले यंत्र कोणी दुरुस्त करावयाचे, या प्रश्नांना निकषांत उत्तर नाही.

उत्तर नसण्याला कायद्याचीही साथ आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकले की तो हक्क संपतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अठरा वर्षांपर्यंत सर्वांना शिक्षणाची भाषा केली, परंतु कायद्याची वयोमर्यादा तेथेच राहिली. ज्या वयात मुलाला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते, ज्या वयात कोळ्याचा मुलगा खलाशी होतो, कातकऱ्याचा मुलगा वीटभट्टीवर जातो आणि मुलीच्या लग्नाचे बोलणे सुरू होते, नेमक्या त्याच वयात राज्य आपले कायदेशीर बंधन सोडवून घेते.

बाजार वाट पाहत होता

शासन जेथून हटते तेथे बाजार येतो. महामारीच्या दोन वर्षांत घरोघरी शिकवणी विकणाऱ्या ‘बायजूज’ या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरच्या घरात सांगितले जात होते. त्या वर्षीच्या फुटबॉलच्या विश्वचषकावर तिचे नाव झळकले. त्याच डिसेंबरात, पालकांना गळ घालून कर्जाने अभ्यासक्रम विकले जात असल्याच्या तक्रारींवरून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घेतले. आणि जुलै २०२४ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. शाळा अशी दिवाळखोरीत निघत नाही. तिच्या पटावर नाव घातलेल्या मुलाला ती मध्येच सोडून जात नाही.

हा बाजार केवळ परक्या भांडवलाचा नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगावच्या खाजगी केंद्रांतून शुल्क घेऊन शिकविला जाऊ लागला. पुढे अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी संगणकाचे असे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. म्हणजे जे प्राथमिक कौशल्य शाळेने दहावीपर्यंत विनामूल्य द्यावयास हवे, ते शाळेबाहेर विकत घेणे ही नोकरीची अट बनली! शाळेतील संगणक कक्षाला कुलूप आणि बाजारपेठेतील संगणक केंद्राला फलक, हे दृश्य तालुक्याच्या गावी शेजारी-शेजारी दिसते, त्यामागे हा इतिहास आहे.

‘मोफत’ या शब्दाचीही एकदा झडती घ्यावयास हवी. ‘दीक्षा’वरील धडा मोफत असेल, तो पाहावयास लागणारे इंटरनेट मोफत नाही. २०१६ मध्ये आधी फुकट आणि मग स्वस्त देऊन ग्राहक बांधून घेणाऱ्या दूरसंचार कंपन्यांनी २०१९, २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये दर चढविले. शिवाय मुलांची माहिती हीही किंमतच आहे. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा बहुतेक साधने मुलांच्या खाजगीपणाला धोका पोचविणारी निघाली आणि त्यांत आपली ‘दीक्षा’ही होती. जानेवारी २०२३ मध्ये तर ‘दीक्षा’वरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी पडल्याचे प्रसिद्ध झाले. सार्वजनिक म्हणविणारे तळे शासनानेच असे राखले, तर तक्रार तरी कोणाकडे करावयाची?

विद्यार्थी की अर्जदार?

माध्यमिक शाळेतील मुलाची या डिजिटल जगाशी पहिली गाठ शिक्षणातून पडत नाही. ती अर्जातून पडते. आधारवरील नाव आणि पटावरील नाव जुळत नाही, येथून सुरुवात होते. मग ‘अपार’ क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला. प्रत्येक ठिकाणी ओटीपी, आणि ओटीपी येतो तो बापाच्या फोनवर, जो त्या वेळी समुद्रात असतो.

२०२५ मध्ये याचा कळस झाला. तोवर मुंबई महानगर प्रदेश व इतर काही मोठ्या शहरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती त्या वर्षी सबंध राज्याला लागू केली गेली. १३ मे रोजी दहावीचा निकाल लागला. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हावयाची होती, आणि त्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले. ते २६ मेपासून पुन्हा सुरू करावे लागले. शहरातल्या मुलाला दहा पसंतिक्रम देता येणे हे स्वातंत्र्य असेल. पण ज्या तालुक्यात एसटीच्या पल्ल्यात दोन-तीनच कनिष्ठ महाविद्यालये आहेत, तेथे जे काम पूर्वी गावातल्या महाविद्यालयात जाऊन एका कागदावर होत होते, त्यासाठी आता सायबर कॅफेच्या रांगेत दिवस घालवावा लागला. अर्जात चूक झाली तर दाद कोणाकडे मागावयाची? दूरध्वनी क्रमांकाकडे! आणि ज्या कुटुंबात पहिल्यांदाच कोणी दहावी झाले आहे, त्याला पसंतिक्रम म्हणजे काय, शाखा कोणती घ्यावी, कोटा म्हणजे काय, हे समजावून सांगणारा माणूस या साऱ्या रचनेत कोठेही नाही.

तो माणूस शिक्षक होऊ शकला असता. पण शिक्षकाचा आज कारकून झाला आहे. ‘सरल’, ‘यू-डायस’, आधार पडताळणी यांत त्याचे तास जातात. मुलांची आधार पडताळणी झाली नाही तर शिक्षकाचे पदच धोक्यात येते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने पटसंख्येचा फास आणखी आवळला, आणि कमी पटाच्या शाळा सर्वाधिक कोकणात व आदिवासी भागात आहेत. डिजिटल साधनांनी शिक्षकाला मुलासाठी अधिक वेळ मिळेल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात त्यांनी शिक्षकाचा वेळ मुलापासून काढून घेतला आणि पोर्टलला दिला.

‘फोन काढून घ्या’ म्हणणाऱ्यांना

पुरोगामी वर्तुळांत या साऱ्यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. मुलांच्या हातून फोन काढून घ्या, पुस्तक द्या, म्हणजे प्रश्न मिटला. ही भावना समजण्यासारखी आहे आणि ती निराधारही नाही. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात, तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर आणावयाचे, हाच प्रश्न विचारला. स्वीडनसारख्या संपन्न देशाने त्याच वर्षी शाळांत छापील पुस्तकांना पुन्हा प्राधान्य देण्याचे ठरविले. वर्गात फोन वाजू नये आणि किशोरवयीन मुलांचे मन जाहिरातदारांच्या स्वाधीन करू नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु स्वीडनमध्ये पुस्तक निवडले जाते ते संगणक सर्वांना मिळून झाल्यावर. येथे मुलाच्या हाती पुरते पुस्तकही नाही आणि संगणकही नाही. बंदीचा नियम वरवर सर्वांना सारखा असतो. त्याचा भार मात्र सारखा पडत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर मुंबईच्या धनिकांचे बंगले आहेत. त्या घरांतील मुलाला शाळेत फोन मिळाला नाही म्हणून काही अडत नाही. घरी संगणक आहे, शिकवणी आहे, आणि शेजारी बसून समजावणारा सुशिक्षित पालक आहे. त्याच बंगल्याची राखण करणाऱ्याच्या मुलीला मात्र शाळेत जे मिळेल तेवढेच मिळणार. तिच्या शाळेतून साधन काढून घेणे म्हणजे ती बाहेर जाऊन एकटी, मार्गदर्शनाविना, जाहिरातींच्या गर्दीत ते वापरील याची व्यवस्था करणे.

यंत्र फोडून यंत्रमालकाशी लढता येत नाही, हे कामगार चळवळ फार पूर्वी शिकली. साधन कोणाच्या मालकीचे, ते कोणाच्या देखरेखीखाली, आणि त्याच्याशेजारी कोण बसलेले आहे, हे प्रश्न विचारणे म्हणजे समाजवादी भूमिका घेणे. साधनाला नुसतेच नाकारणे ही एक प्रकारची चैन आहे, आणि ती ज्याच्या घरी दुसरे साधन आहे त्यालाच परवडते.

केरळने काय केले

याला पर्याय नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने केरळकडे पाहावे. केरळने २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला आणि तो कंत्राटदाराच्या हाती न देता शिक्षण खात्यात ठेवला. शाळेतल्या शिक्षकांनाच प्रशिक्षण दिले, आणि शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडविले. मक्तेदार कंपनीच्या सशुल्क प्रणालीऐवजी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. २०१७ मध्ये या प्रकल्पाची ‘काईट’ ही सरकारी कंपनी झाली. २०१८ पर्यंत आठवी ते बारावीचे सुमारे ४५,००० वर्ग सुसज्ज झाले. आणि त्याच वर्षी ‘लिटिल काईट्स’ मंडळांतून मुलेच मुलांना शिकवू लागली. १ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाच्या दोनच दिवस आधी, केरळने ‘विक्टर्स’ या सरकारी वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग सुरू केले.

तेथेही पहिल्या दिवशी सारे सुरळीत नव्हते. सुमारे २ लाख ६० हजार मुलांकडे दूरदर्शन संच वा फोन नसल्याचे शासनाला आधीच आढळले होते. फरक पडला तो पुढे. ती मुले मोजली गेली, आणि त्यांच्यासाठी गावच्या ग्रंथालयांत, अंगणवाड्यांत, सार्वजनिक जागांत सामुदायिक अभ्यासकेंद्रे उघडली गेली. ग्रंथालय चळवळ, स्थानिक स्वराज्य संस्था, महिलांचे ‘कुटुंबश्री’ गट हे सारे आधीपासून उभे होते, म्हणून हे जमले. तंत्रज्ञानाने संघटना निर्माण केली नाही. संघटना होती म्हणून तंत्रज्ञान कामी आले.

महाराष्ट्राला हे अशक्य आहे काय? पैसा नाही, असे उत्तर मिळते. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबई आणि रायगड यांना जोडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. त्यावर सतरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. पूल नको, असे कोणी म्हणत नाही. परंतु जे राज्य समुद्रावर पूल बांधू शकते, त्याला त्याच जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत एकेक माणूस नेमणे परवडत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले, २०२० च्या धोरणाने ते पुन्हा लिहिले, आणि ते आजही कागदावरच आहे.

रचना आणि संघर्ष

मागण्या थोड्या पण नेमक्या असाव्यात. पहिली : प्रत्येक माध्यमिक शाळेत संगणक व मार्गदर्शन शिक्षकाचे कायम, अनुदानित पद असावे, आणि करार संपवून घरी बसविलेल्या संगणक शिक्षकांना त्यात अग्रक्रम मिळावा. दुसरी : संगणक कक्षाची वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती हा पाच वर्षांचा नव्हे, कायमचा अनुदानपात्र खर्च मानावा. तिसरी : प्रवेश, शिष्यवृत्ती आणि दाखले यांचे सर्व अर्ज शाळेतच विनाशुल्क भरून देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, आणि ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याचा कागदी अर्ज ग्राह्य धरावा. चौथी : शिक्षणहक्काची मर्यादा आठवीवरून बारावीपर्यंत न्यावी. पहिल्या तिन्ही मागण्यांना पाया मिळेल तो या चौथीनेच.

मागणी करून थांबणे मात्र समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही. रायगडच्या प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी येत्या काही महिन्यांत एक साधी पाहणी करावी. शाळेत संगणक कोणत्या वर्षी आले, आज किती चालतात, कक्षाची किल्ली कोणाकडे असते, वीजबिल कोण भरते, शिकविणारा कोण आहे. शाळा सांगत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. हे उत्तर ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. निकालानंतरच्या दिवसांत पक्षाच्या व संघटनांच्या कार्यालयांत, गावच्या वाचनालयात अर्ज भरून देणारी मोफत मदतकेंद्रे बसवावीत, आणि प्रत्येक अडलेल्या अर्जाची नोंद ठेवावी. ती नोंद हाच उद्याच्या मोर्चाचा पुरावा असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात अभ्यासिका चालवावी. तेथे दोन जुने संगणक पुरतील, पण जवळ बसणारा कार्यकर्ता मात्र प्रत्येक वेळी हवा. मुलींना घरून आणण्या-पोचविण्याची व्यवस्था केली नाही तर ही अभ्यासिका केवळ मुलग्यांची होईल, हे आधीच ध्यानी घ्यावे. आणि कातकरी वाडीवर जावयाचे तर भट्ट्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जावे; नंतर तेथे कुलपे भेटतील.

हे करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कार्यकर्त्याची सेवा ही शासनाला सुटकेची वाट होता कामा नये. चार अभ्यासिका चालल्या की शासन हात झटकून म्हणेल, लोकसहभाग उत्तम आहे, पदांची गरज नाही. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर त्या चार मागण्या लिहिलेल्या असाव्यात, आणि तेथे येणाऱ्या पालकांना हे ठाऊक असावे, की येथे मिळते ते उपकार म्हणून नव्हे, शाळेत ते मिळेपर्यंतची सोय म्हणून.

याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. त्या संपात निर्णायक ठरला तो शेतकऱ्यांचा चिवटपणा. आजचा प्रश्न त्यामानाने लहान दिसतो. एक खोली, चार यंत्रे, वीज, आणि एक माणूस. मागणे एवढेच आहे. पण ते मागणाऱ्या मुलीला दहावीनंतर पुढे शिकता येईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे. तळे खुले आहे असे शासन म्हणते आहे. तिला काठापर्यंत सोबत करणे आणि तेथे पाणी आहे की नाही ते शासनाला उलट विचारणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.